सुताराचं लोखंडी घर

दादाने नवं कॅलेंडर लावायला मधल्या खांबावर खिळा धरला आणि हातोडीसाठी माझ्याकडे हात केला. मी हातोडी देईपर्यंत खिळा आत गेला होता. नुसत्या अंगठ्याने.

"दे ना," दादा म्हणाला.

"दादा, खिळा बघ."

त्याने बोटाने चाचपलं. खिळ्याचं डोकं खांबाला टेकलेलं होतं.  मग त्याने बोटाच्या पेराने खांब वाजवायला सुरुवात केली, खालून वर. जोत्याजवळ भरीव आवाज आला. कमरेच्या वर तो बदलला आणि तुळईपर्यंत तसाच राहिला.

मी खांबाच्या मागे गेलो. जमिनीपासून वरपर्यंत वाळवीची मातीची नळी चढली होती, करंगळीएवढी जाड. तिला लपायलाही काही नव्हतं. समोर भिंत पांढरी, बाजूला खिडकी. घरात येणारा कुणीही ती पाहू शकला असता. पण घरातलं लाकूड बघायचं काम दादाचं, म्हणून मी कधी तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

"मी म्हटलं नव्हतं?" वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "खांबाखाली पीठ पडतं म्हणून?"

"तू तांदळाचं म्हणालीस."

"मी पीठ म्हणाले. तांदळाचं तुम्ही म्हणालात."

दादाने खाली वाकून ते पीठ चिमटीत घेतलं.

ह्यात विशेष काय, हे आमच्या गावाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमचं गाव गुहागरच्या बाजूला, खाडीच्या काठी. तिथे दरवर्षी पावसाच्या आधी लोक दादाला बोलावून घर दाखवत. अनंत मेस्त्री येणार, प्रत्येक खांब वाजवणार, प्रत्येक वाशाखालून मान वर करून जाणार, आणि जिथे थांबेल तिथे वाळवी असणारच. तो थांबला की घरमालकाचा चेहरा पडायचा. लोक म्हणायचे, वाळवी जन्माला येण्याआधी अंताला दिसते. आणि त्याच्याच घराचा मधला खांब आतून भुसा झाला होता.

दोन दिवसांत आम्ही सगळं घर तपासलं. तीन वासे, तुळई आणि माजघराची चौकट गेली होती. पाऊस झेलण्यासारखं घर उरलं नव्हतं.

मला खरं सांगायचं तर वाईट कमी वाटलं. अंगणातल्या मांडवाखाली आमच्या वडिलांनी घेऊन ठेवलेलं सागवान होतं. वडील गेले तरी ते आम्ही गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं. हे आपल्या घराचं, असं ते म्हणत. मी तेव्हा बिनलग्नाचा होतो, दादाच्याच घरात राहत होतो, आणि ते घर मनात कितीदा तरी बांधून झालो होतो. पुढच्या खांबांना कमळ, दाराच्या वर गणेशपट्टी, सांधे असे की बघणाऱ्याने बोट फिरवावं. सुताराचं स्वतःचं घर म्हणजे त्याच्या हाताचा दाखला. दूरदूरचे लोक ते बघायला येणार आणि मग काम देणार.

"सागवान कधी काढायचं?" मी विचारलं.

दादा अंगणात रंधा घासत बसला होता. "नाय काढायचं."

"मग घर?"

"चौगुल्याला बोलावलंय."

मला वाटलं तो थट्टा करतोय.

चौगुले म्हणजे इचलकरंजीचे रावसाहेब चौगुले. आदल्या वर्षी समुद्राकाठी एका रिसॉर्टच्या खोल्या त्यांनी बांधल्या आणि त्यांची दारं-खिडक्या आमच्याकडे होती. त्या खोल्या आम्ही उघड्या असताना पाहिल्या होत्या. खांब नाही, वासा नाही. पातळ पोलादी पत्रा वाकवून केलेल्या पट्ट्या हातभर-दीड हातभर अंतरावर उभ्या केलेल्या, वरखाली तशाच आडव्या पट्ट्यांत अडकवून स्क्रूने आवळलेल्या. चौगुले त्या उभ्या पट्ट्यांना स्टड म्हणत. दोन्ही बाजूंनी सिमेंटचे बोर्ड मारले की भिंत तयार. आम्ही दोघं तेव्हा खूप हसलो होतो. "कोंबड्यांना बरं," दादाच म्हणाला होता.

"तू त्याला खुराडं म्हणालास," मी म्हणालो.

"म्हणालो असेन."

"आणि सागवान?"

"गिऱ्हाइकाला देऊ. ताम्हनकरांच्या दारांना होईल."

"दादा, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे." त्याने रंध्याचं पातं उचललं, डोळ्यांसमोर धरलं, मग अंगठ्याच्या नखावर घासून धार पाहिली. "वाळवी लोखंड खात नाय. एवढं तर कळतं ना तुला?"

मला कळत होतं. पण वाळवीला भिऊन लाकूड सोडायचं तर आम्ही सुतार कशाला झालो, हे मला कळत नव्हतं. तसं मी बोलून दाखवलं. तो हसला आणि धार लावत राहिला.

मध्ये तो आणि वहिनी मिरजेला जाऊन आले. वहिनीच्या मावसबहिणीकडे, असं मला सांगितलं. परत आल्यावर पाण्याच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक लहान बाटली दिसू लागली. मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "माझं औषध आहे. हात लावू नको." बायकांचं काही असेल म्हणून मी पुढे विचारलं नाही.

फेब्रुवारीत जुनं घर उतरवलं. कौलं आणि जोतं तेवढं ठेवलं, आणि घर होईपर्यंत आम्ही मागच्या खोपटात राहिलो. चौगुले टेम्पोतून पट्ट्यांचे गठ्ठे घेऊन आले. सोबत दोन पोरं आणि एक स्क्रू मारायचं यंत्र. पहिल्याच दिवशी अर्धी वाडी अंगणात जमली.

"अंता, ह्या घरात चहा घ्यायचा की घराचाच कप करायचा?" कोणीतरी म्हणालं.

"पाऊस पडला की ताशा वाजेल रे. शिमग्याला वेगळा नको."

चौगुले घाम पुसत म्हणाले, "वाजंल की! बोर्ड मारायच्या आधी समदंच वाजतंय. तुमची डोकी न्हाईत का वाजत?"

लोक हसले. चौगुल्यांना वाडीने त्या दिवसापासून आपलं मानलं. मीच एकटा त्यांच्याशी नीट बोलत नव्हतो.

दादा मात्र दिवसभर त्यांच्या मागे मागे असे. एक गोष्ट मला खटकायची. चौगुले फूटपट्टी लावली की माप मोठ्याने सांगत, जणू दादा कुठे लांब उभा आहे. "मिस्त्री, आठ फूट दोन इंच बरं का. इथं कापतोय." दादा नुसतं हं म्हणे. पट्टी उभी राहिली की तो तळहात खालून वर फिरवी आणि म्हणे, "सरळ हाय." लाकडाच्या खांबाला त्याने कधी हाताने सरळ ठरवलेलं मी पाहिलं नव्हतं. ओळंबा सोडायचा, मागे सरायचं आणि एक डोळा मिटून बघायचं.

आणखी एक. कापलेल्या पट्टीची कड पात्यासारखी असते. चौगुल्यांनी जिथे जिथे उघडी कड होती तिथे कापडी चिकटपट्टी लावून घेतली. रिसॉर्टवर मी हे पाहिलं नव्हतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मिस्त्री फिरत्यात हितनं."

"आमच्या हाताला पटाशीची सवय आहे."

"असू दे की." त्यांनी पोराला पुढच्या कडेकडे बोट दाखवलं. "चिकटपट्टीला काय शिंगं फुटत्यात?"

मला वाटलं गिऱ्हाइकाची खुशामत चालली आहे.

घर भराभर उभं राहिलं आणि आमचं काम त्याच वेगाने खाली आलं. वरच्या वाडीच्या पवारांनी सहा खिडक्यांचं काम सांगितलं होतं. ते घरी आले, अंगणात उभे राहिले, पोलादी सांगाडा पाहिला आणि म्हणाले, "अनंतराव, तुम्हीच लाकडाला भ्यालात, मग आम्ही कोण? मी आपल्या ॲल्युमिनियमच्याच लावतो." दादा म्हणाला, "लावा. चांगल्या असतात." मी तिथेच होतो. पवार गेल्यावर मी हातातली करवत खाली ठेवली.

"तुला काम नको झालंय का?"

"तुला पाहिजे ना? तू कर की. परवा देवळाच्या दरवाजाचं बोलणं आलं. सगळा दरवाजा तूच करायचास."

"वर्षभर तू मलाच पुढे करतोयस. नक्षी मोरू करेल, सांधे मोरू करेल. तू काय करणार? लोखंड कुरवाळत बसणार?"

माझा आवाज चढला होता. वहिनी बाहेर आली. तिने दादाकडे पाहिलं. दादाने मान हलवली, नको अशी. ती आत गेली. ह्याच्या नादाला लागू नको, असं तो माझ्याबद्दल म्हणतोय असं मला वाटलं.

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं.

घराला लाकूड एकाच ठिकाणी येणार होतं. मुख्य दाराची चौकट. बाकी काहीही असो, चौकट लाकडाची, तिची पूजा होणार, तिला आंब्याच्या डहाळीचा टाळा बांधणार, आणि मगच ती उभी करणार. हे सगळीकडे असतं. आमच्या सुतारांत त्यापुढे आणखी एक आहे. सुताराच्या घराची चौकट घरातल्या थोरल्याने एकट्याने करायची. आणि ती उभी राहिली की आजूबाजूच्या गावांतले मेस्त्री हीर लावतात. हीर म्हणजे झावळीच्या पातीची मधली काडी, केरसुणीत असते ती. ती सोलून बारीक करायची आणि चौकटीच्या सांध्यात घालून बघायची. गेली नाही तर घरवाल्याचा मान, सगळे त्याला नारळ देतात. गेली तर त्याने सगळ्यांना कोंबडी-वडे घालायचे, आणि पुढे वर्षानुवर्षं चेष्टा खायची. वडे एका दिवसात संपतात. चेष्टा संपत नाही.

खाडीपलीकडच्या दत्ताराम मेस्त्रीला हे चांगलं ठाऊक होतं. त्याच्या चौकटीला हीर दादाने लावला होता. तेव्हा दादा पंचविशीत होता आणि जिभेने तिखट. हीर नखभर आत गेला होता. दुसरा कोणी असता तर न बघितल्यासारखं केलं असतं. दादा ओट्यावर चढला आणि म्हणाला, "मंडळी, दत्तारामच्या दाराला खिडकीही आहे!" ते वाक्य खाडीच्या दोन्ही काठांवर इतकी वर्षं टिकलं की दत्तारामच्या नातवालाही शाळेत ऐकायला लागलं. दत्ताराम तेव्हापासून आमच्या अंगणात आला नव्हता.

"चौकट मी करतो," मी दादाला म्हणालो. भांडण असलं तरी ते लाकडाचं काम होतं. "तुझा हात बरेच दिवस बंद आहे."

"थोरल्याने करायची असते."

"कोण बघतंय?"

"सगळे," दादा म्हणाला.

त्याने सागवानातला चांगला तुकडा निवडून मागे ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. मांडवाला त्याने माडाच्या झापांचा आडोसा केला आणि तो आत बसू लागला. महिनाभर. एवढ्या कामाला आम्हाला चार दिवस पुरत. बाहेरून पटाशीचा आवाज यायचा, दोन ठोके, मग मोठा खंड, मग पुन्हा दोन ठोके. एकदा मी आडोशाच्या फटीतून पाहिलं. दादा फळी डोळ्याशी धरून तिची रेघ बघत होता. सुतार एक डोळा मिटतो आणि दुसऱ्याने फळीच्या कडेवरून बघतो, कुठे वाक आहे ते. दादा जन्मभर डावा मिटायचा. त्या दिवशी त्याने उजवा मिटला होता. मला ते विचित्र वाटलं, आणि मी विसरून गेलो.

चौकट उभी करायचा दिवस अक्षय्य तृतीयेच्या आधीचा धरला होता. घर तोवर पूर्ण झालं होतं. बोर्ड बसले, रंग झाला, वर आमचीच जुनी कौलं. आता ते डब्यासारखं दिसत नव्हतं, कुणाच्याही घरासारखं दिसत होतं. लोक येऊन भिंतीवर टकटक करायचे आणि एकमेकांकडे बघायचे. दाराच्या जागी मात्र मोकळा चौकोन होता. चौगुल्यांनी दोन्ही बाजूंना दुहेरी स्टड लावून ठेवले होते.

"मिस्त्री, हत्ती बांधला तरी हलायचं न्हाई," ते म्हणाले.

नऊ मेस्त्री आले. कौतुक कमी आणि उत्सुकता जास्त. लोखंडाच्या घराला सुताराची चौकट कशी दिसते हे त्यांना बघायचं होतं. आणि शेवटी, होडीतून उतरून, छत्री काखेत धरून दत्ताराम मेस्त्री आला. अंगणातलं बोलणं थांबलं.

"ये दत्ताराम," दादा म्हणाला. तो आवाजाच्या दिशेने वळला होता.

"आलो. म्हटलं बघू, अंताने भांड्यांचं दुकान कुठे टाकलंय."

"आत ये. तुला सवलत देतो."

हशा झाला. मला बरं वाटलं नाही. दत्ताराम हसत होता, पण त्याच्या खिशात सोललेल्या हिरांचा जुडगा दिसत होता. एक नाही, पाच-सहा. वेगवेगळ्या जाडीचे.

पूजा झाली. वहिनीने हळदकुंकू लावलं, टाळा बांधला. आम्ही चौघांनी चौकट उचलली, मोकळ्या चौकोनात बसवली. चौगुल्यांनी स्क्रू आवळले. दादा मागे उभा होता, हात पाठीशी. मी तेव्हा पहिल्यांदा ती चौकट जवळून पाहिली. गणेशपट्टी साधी होती, नक्षी नव्हती. पण लाकूड रंधून काचेसारखं झालं होतं. तीन सांधे असे की रेघसुद्धा शोधावी लागावी. चौथा, वरचा उजवा, माझ्या डोक्याच्या शेजारीच होता. त्यात फट होती. बारीक, पण होती. दादाच्या हातून असा सांधा कधी गेला नव्हता.

मी दादाकडे पाहिलं. तो त्या सांध्याकडे बघत नव्हता. तो कुठेच बघत नव्हता. समोर तोंड करून ऐकत होता.

"हीर कोण लावतो?" कोणीतरी विचारलं.

"पाहुण्याने लावावा," दादा म्हणाला. "दत्ताराम, तुझा हक्क आहे."

दत्तारामने छत्री चौगुल्यांच्या हातात दिली. खालच्या डाव्या सांध्यापासून सुरुवात केली. हीर टेकवला, दाबला. वाकला. "नाय जात." खालचा उजवा. "नाय जात." वरचा डावा. त्याने मुद्दाम सगळ्यांत बारीक हीर काढला. "नाय जात." प्रत्येक वेळी मेस्त्री लोकांतून हं असा आवाज यायचा.

मग तो माझ्याकडे आला. मी बाजूला झालो. दुसरं काय करणार?

दत्तारामला फट आधीच दिसली. साठीच्या पुढचा माणूस, पण नजर घारीची. त्याचा चेहरा उजळला, ते मी पाहिलं. त्याने हीर टेकवला आणि तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. बोटाचं एक पेर. अंगणात सगळे त्याच्या पाठीकडे बघत होते. हीर आत गेलेला फक्त त्याला आणि मला दिसत होता.

त्याने मान वळवून दादाकडे पाहिलं. बोलण्याआधी त्या माणसाचं तोंड बघून घ्यावं, म्हणून असेल. इतकी वर्षं त्याने ह्याच क्षणाची वाट पाहिली असणार. दादा पाच पावलांवर होता. त्याचा चेहरा थोडा तिरका, कान आमच्याकडे, आणि डोळे दाराच्या बरेच डावीकडे, जिथे नुसती भिंत होती तिथे लागलेले. तो दत्तारामच्या शब्दाची वाट बघत होता. त्याला फट माहीत नव्हती. हीर गेला हेही माहीत नव्हतं.

दत्तारामने त्याच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं आम्हा दोघांना ते एकाच वेळी कळलं. खांबावरची नळी, मोठ्याने सांगितलेली मापं, चिकटपट्टी, माठाशेजारची बाटली, मिटलेला उजवा डोळा.

दत्तारामच्या अंगठ्याने हीर सांध्यालगत मोडला. बाहेरचा तुकडा त्याने मुठीत घेतला.

"नाय जात," तो मोठ्याने म्हणाला. मग घसा खाकरून, "साला, लोखंडात बसून पण सुतार तो सुतारच."

मेस्त्री ओरडले. नारळ पुढे आले. दादाच्या हातात पहिला नारळ दत्तारामने दिला, त्याचा हात धरून, नारळावर ठेवून. त्याने वडे मागितले नाहीत, तरी वहिनीने केले होते. तो जेवला, चौगुल्यांशी लोखंडाच्या वजनावर वाद घातला, आणि भरती ओसरायच्या आत होडीने गेला. जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. 

संध्याकाळी अंगण मोकळं झाल्यावर दादा उंबऱ्यात उभा राहिला. त्याने चौकट हाताने वाचायला घेतली, खालून, सावकाश. डावी बाजू, गणेशपट्टी, मग वरचा उजवा कोपरा. तिथे त्याचा अंगठा थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. मी पायरीवर बसलो होतो.

"मोरू."

"काय?"

"हे काय टोचतंय?"

मी पायरीवरून उठलो.

"हीर आहे ना?"

"हो."

"किती गेला?"

"पेरभर."

"आणि तो म्हणाला नाय जात."

"हो."

दादा उंबऱ्यावर बसला. आत वहिनी भांडी घासत होती, ती थांबली.

"मी ओट्यावर चढलो होतो," दादा म्हणाला. "त्याच्या वेळेला."

त्याने हाताने उंबरा चाचपला.

"उजवा गेलाय. काचबिंदू म्हणतात त्याला. डावा अर्धा आहे. मिरजेचा डॉक्टर म्हणाला थेंब घाला, जेवढा राहील तेवढा राहील. गेलेलं परत येत नाय."

"मला सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू मला रंधा धरू दिला नसतास." तो हसला. "ही एक चौकट मला करायची होती."

"म्हणून लोखंड? कुणाला तुझे सांधे दिसू नयेत म्हणून?"

"छ्या." त्याने मान हलवली. "सांधे तू केले असतेस की. कमळं काढून दिली असतीस. मला माहीत नाय होय, तू वहीभर चित्रं काढली होतीस ती?" तो भिंतीला पाठ लावून बसला. "लाकडाच्या घराला दरवर्षी बघणारा लागतो, मोरू. मी तीस वर्षं दुसऱ्यांची बघितली. माझ्या घरात नळी तुळईपर्यंत चढली आणि मी शेजारी बसून जेवत होतो. उद्या मी नुसता बसून असणार. हिने काय करायचं? रोज वासे वाजवायचे?"

"मी आहे ना."

"आहेस. बघशीलसुद्धा. पण मग दर पावसाला मी तुला विचारत बसणार, नीट बघितलंस का, त्या कोपऱ्यात बघितलंस का. तू चिडणार. मी तुझ्या हातावर विश्वास नाय ठेवणार." त्याने बाजूच्या भिंतीवर टकटक केली. आवाज सगळीकडे सारखा आला. "ह्याला काय विचारायचं नाय. हे आहे तसं राहतं."

आत वहिनीने नळ सोडला.

"तो कोपरा उद्या खोलून नीट करतो," मी म्हणालो. "कुणाला कळणार नाही."

"हात लावायचा नाय," दादा म्हणाला.

दादाचा डावा डोळा आणखी चार वर्षं टिकला. घर अजून आहे. तो भिंतीला तळहात लावून खोल्याखोल्यांतून फिरतो, आणि भिंत कुठेच वाकलेली नसल्याने भराभर फिरतो. देवळाचा दरवाजा मी केला. मग बाकीची कामंही हळूहळू परत आली. पावसाआधी लोक आता मला घर दाखवायला बोलावतात. दत्ताराम मेस्त्री मागच्या माघात गेला. त्याला पोचवायला मी दादाला होडीतून घेऊन गेलो. येताना तो पाण्यात हात सोडून बसला होता.

ह्या मे महिन्यात घराला रंग दिला. रंगारी नवा होता. चौकट घासता घासता त्याला वरच्या उजव्या कोपऱ्यात फट दिसली. त्याने ती बुजवायला पत्र्यावर लांबी कालवली आणि स्टुलावर चढला. दादा ओट्यावर बसून होता. स्टूल कुठे सरकलं ते त्याने ऐकलं.

"तिथे भरू नको," तो म्हणाला.

"फट आहे, काका."

"असू दे. तिथे दत्ताराम आहे."

रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला खुणेने खाली उतरायला सांगितलं.